अ‍ॅपवर सगळं हिरवं, वहीत मात्र चार पानं

'मॅडम, शाळेचं अ‍ॅप रोज सांगतं की मुलगा छान करतोय. मग माझा विश्वास का बसत नाही?'

मुलाला ऑनलाइन शाळेत घातलेले पालक हे कधी ना कधी विचारतातच. त्यामागे आणखी एक प्रश्न असतो, जास्त बोचणारा: उद्या पोर मागे पडलं तर जबाबदार कोण, शाळा की मी? देवगड तालुक्यातल्या एका आईचा अनुभव इथे सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने बाहेर. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती मुलाला घेऊन मुंबईहून गावी आली. मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमात, वर्ष अर्धं झालेलं. म्हणून ऑनलाइन शाळा घेतली. रेंज खळ्यात यायची, तिथेच टेबल मांडलं. जहाजावर नेट मिळालं की वडील आधी अ‍ॅप उघडायचे आणि लाल खूण दिसली की घरी फोन. तो फोन टळावा म्हणून ही मुलाशेजारी बसायला लागली. मग व्हिडिओ स्वतः पुढे सरकवायला लागली. मुलगा रुसून बसला की उत्तरंही तीच दाबायची. आजी अंथरुणातून विचारायची, 'ह्यो दिसभर मोबाईल घेवन बसता, ही खंयची शाळा?'

मी तिला मुलाची वही आणायला सांगितली. गणिताच्या वहीत चार पानं लिहिलेली होती. अ‍ॅपवर शेकडेवारीचा धडा मात्र 'पूर्ण'.

मुलाला विचारलं, 'पाच डझनी 40 पेट्या भरल्या आणि 10 टक्के आंबा डागी निघाला, तर चांगला किती?' त्याने क्षणभर वर बघितलं. '2160. पण डागी फुकट नाही जात, तो कॅनिंगला जातो.' मला फार बरं वाटलं. पोरगा हुशार होता आणि काकांच्या बागेत डोळे उघडे ठेवून वावरत होता. 'आता कागदावर करून दाखव.' त्याने फक्त 2160 लिहिलं. 10 च्या जागी साडेबारा टक्के घेतले तेव्हा पेन थांबलं ते थांबलंच. शाळेच्या चाचणीत चार पर्याय असतात आणि चुकलं की पुन्हा दाबता येतं, हे त्यानेच सांगितलं. चौथ्या खेपेला बरोबर येणारच.

म्हणजे अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं. धडा उघडला गेला, संपला, एवढंच ते सांगत होतं. कळला की नाही ते सांगायला शिक्षकाने मुलाचं लिखाण बघावं लागतं, आणि ते कोणीच बघत नव्हतं. आई स्क्रीन बघत होती, वडील आईला विचारत होते आणि शाळा दोघांना टक्के पाठवत होती.

तिला सांगितलं, माउसला हात लावू नका. लाल दिसलं तर दिसू दे, ते लाल शिक्षकांसाठी आहे. हे तिला सर्वांत जड गेलं, कारण फोनची भीती. म्हणून वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलले. माणूस प्रेमळ, पण लांब असल्यामुळे धास्तावलेला. 'आज किती टक्के?' ऐवजी 'आज काय अडलं?' असं मुलालाच विचारायचं, हे त्यांनी मान्य केलं. पहिले काही दिवस मुलगा 'काही नाही' एवढंच म्हणायचा. मग एके दिवशी म्हणाला, 'साडेबारा टक्के.'

शाळेला तिने ईमेल लिहिला. मुलाने हाताने सोडवलेलं काम शिक्षकांनी तपासून शेरा देऊन पाठवावं. महिन्यातून एकदा विषयशिक्षकांनी मुलाशी समोरासमोर बोलावं. वीज गेल्यास हजेरीचं काय, ते लेखी कळवावं. हा शेवटचा मुद्दा मी आवर्जून घालायला लावते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज आणि रेंज किती दिवस नव्हती ते आठवा. उत्तरादाखल शाळेकडून आले रंगीत आलेख. तिने वहीच्या पानाचे फोटो जोडून पुन्हा लिहिलं, तेव्हा गणिताच्या बाईंचा फोन आला आणि त्या मुलाशी बराच वेळ बोलल्या. फी घेणाऱ्या शाळेकडे हे मागणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. शिकवण्याचा जाब शाळेने द्यायचा. घराने वेळ, जागा आणि रोज वही उघडून बघणं एवढं सांभाळायचं.

आणखी एक चौकशी आठवीतच करून ठेवा, ती म्हणजे दहावीची परीक्षा कोणाकडून. 1989 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडून, दहावीला बसायला किमान 14 वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून 17 नंबरचा फॉर्म भरता येतो. वाट कोणतीही धरा, पेपर केंद्रावर बसून हाताने लिहायचा असतो. त्यात कोकण विभागीय मंडळ 2012 पासून दहावीच्या निकालात राज्यात पुढे, त्यामुळे वाडीतला प्रत्येक जण टक्के विचारतो. ते दडपण या आईवरही होतंच.

मुलगा आता आठवीत आहे. वही भरतेय, अक्षर अजून वाईट आहे, शेकडेवारी येते, बीजगणित अडतंय आणि ते तो स्वतः सांगतो. दहावीच्या परीक्षेबद्दल शाळेचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही. मार्चपर्यंत आलं नाही, तर नववीला गावच्या हायस्कुलात घालायचं, असं आईने ठरवलंय. नवऱ्याच्या कानावरही तिने ते घातलंय.