रात्री जागून केलेले पाठांतर टिकत का नाही?

परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्तीविषयीचे तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांतले चार.

माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे खरे का? (डिचोली)

खोटे. मेंदूचा कुठलाही भाग रिकामा बसत नाही, झोपेतसुद्धा.

मुलगी दहावीला आहे. रात्री दोनपर्यंत पाठ करते, सकाळी आठवत नाही. स्मरणशक्ती कमी असेल का? (फोंडा)

आधी तिची झोप बघा. दोन चेतापेशी एकाच वेळी पुन्हा पुन्हा उत्तेजित झाल्या की त्यांच्या जोडणीत कॅल्शियम पेशीत शिरते आणि पुढचा संदेश जास्त जोराने पोचतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात, जोडणी अशी बळकट होते हे दाखवले. पण ही बळकटी काही तासांत ओसरू शकते. ती टिकायची तर पेशीला नवी प्रथिने तयार करावी लागतात. समुद्री गोगलगायीवर हे उलगडणाऱ्या एरिक कँडेल यांना २००० चे नोबेल मिळाले. पुढचे काम गाढ झोपेत होते: दिवसा शिकलेले हिप्पोकॅम्पस पुन्हा चालवून बघतो आणि मेंदूच्या बाह्य थरात ते रुजते. नेमकी हीच झोप आपण मुलांची कापतो, वर त्याला मेहनत म्हणतो! या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून तिने स्वतःलाच प्रश्न विचारावेत. उद्या पुन्हा, मग आठवड्याने. एवढे करूनही फरक पडला नाही, किंवा बोलता बोलता ती क्षणभर शून्यात बघत असेल, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

आठवड्यात स्मरणशक्ती दुप्पट करणारे सिरप मुलाला द्यावे का? (म्हापसा)

नको. दुप्पट झाली हे कशाने मोजले, ते विकणाऱ्याला विचारा. फिटच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही देऊ नका.

वडील ६८ वर्षांचे. तेच तेच विचारतात, परवा बाजारातून घरची वाट चुकले. शिगमो झाला की दाखवू, असे घरचे म्हणतात. (पेडणे)

थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. ‘वय झाले’ हे निदान नव्हे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, यांनीही विसरायला होते आणि यांवर उपचार आहेत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. गोंधळ एकाएकी वाढला, बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या.