कृषी सल्ला : माशांना लस द्यायची का?

गेल्या पंधरवड्यात मत्स्यशेतीचे जे प्रश्न आले, त्यांतले तीन एकाच विषयाचे निघाले, म्हणून उत्तर एकत्र देतो. चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंच्या शेततळ्यात डिसेंबरपासून मृगळ आणि कटल्याच्या अंगावर लाल चट्टे उठताहेत, रोज आठ-दहा मासे तरंगतात. कुणीतरी त्यांना ‘माशांची लस’ म्हणून बाटली विकली आहे. त्यांनी फोनवर विचारलं ते त्यांच्याच शब्दांत: “साहेब, कोंबडीले लस शे, ढोरले लस शे, मंग मासाले काबर नही?” नवापूरकडचे एक जण उकाई धरणाच्या फुगवट्यात पिंजरे टाकून पंगस वाढवतात, त्यांना पुढच्या हंगामात इंजेक्शन द्यायचं आहे. आणि शहाद्याच्या बचत गटातल्या ताईंना काळजी वाटते, की लस दिलेला मासा खाल्ला तर काही होईल का.

भाऊ, प्रश्न रास्त आहे. 2022 मध्ये रावेरकडून लंपी आला तेव्हा गोठ्यागोठ्यात लस टोचताना आपण पाहिलं. माशालाही लस असते आणि ती कामही करते. नॉर्वेत सामन माशाच्या शेतीत 1987 साली सुमारे 50 टन प्रतिजैविकं वापरली गेली होती. नंतर पोटात टोचायच्या तेलयुक्त लसी आल्या. आज तिथलं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलंय आणि प्रतिजैविकं वर्षाला 1 टनाच्या आत आली आहेत. व्हिएतनाममध्ये पंगसला एडवर्डसिएला जिवाणूविरुद्धची लस टोचतात. आपल्याकडेही चेन्नईच्या ‘सीबा’ संस्थेने जिताड्यासाठी नोडाव्हायरस या विषाणूविरुद्धची लस तयार केली आहे. पण जिताडा खाडीकाठचा मासा. शेततळ्यातल्या कटला-रोहूसाठी दुकानात जाऊन घ्यावी अशी लस आपल्याकडे अजून रुळलेली नाही.

मग त्या बाटलीत काय आहे? मी चोपड्याला जाऊन ती पाहिली. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर उन्हात ठेवलेली होती. लेबलवर कुठल्या रोगासाठी ते नाही, बॅच क्रमांक नाही, खाली बारीक अक्षरांत ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपयोगी जिवाणूंचं मिश्रण, लस नव्हे. लस 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या पेटीतून येते आणि तिच्यावर रोगाचं नाव असतंच. शिवाय ही बाटली आजारी माशांच्या तळ्यात ओतायला सांगितली होती. निरोगी जनावराच्या अंगात ताकद आधीच तयार करून ठेवणं हे लसीचं काम. मासे मरायला लागल्यावर खरी लस जरी हाती आली, तरी उपयोग शून्य.

दुसरं असं, की भाऊंच्या माशांवरचे चट्टे पाहता हा व्रणरोग दिसतो, ज्याला ईयूएस म्हणतात. भारतात तो 1988 पासून आहे. त्याच्या मुळाशी अॅफॅनोमायसिस नावाचा बुरशीसारखा जीव आहे, आणि त्यावर लस नाही. पाणी गार झालं की तो जोर धरतो, नेमकी तेव्हाच माशाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार-गरम. उबदार पाण्यात लसीची ताकद अंगात यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. उद्या लस आलीच, तरी आपल्याकडे ती ऑगस्ट-सप्टेंबरात, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतानाच द्यावी लागेल.

आता खरं दुखणं. भाऊ, तुमचं तळं 30 बाय 30 मीटरचं, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर. त्यात तुम्ही 5000 बोटुकली सोडली. हेक्टरी 5 ते 10 हजारांचा हिशेब धरला तर तुमच्या तळ्यात 450 ते 900 बसतात. केळीच्या एका खड्ड्यात पाच खोडं लावली तर घड कसा येईल? तीच गत. एवढ्या दाटीत कुठलीही लस हात टेकेल.

आत्ता एवढं करा. खाद्य निम्म्यावर आणा. मेलेले मासे रोज काढून चुना टाकून पुरा, बांधावर फेकू नका. कावळे-बगळे तेच उचलून शेजारच्या तळ्यात टाकतात. पाण्याचा सामू (पीएच) तपासा. 8.5 च्या वर असेल तर चुन्याला हात लावू नका. कमी असेल तर हेक्टरी 200 किलोच्या हिशेबाने तुमच्या तळ्याला 18 किलो चुना, रात्री भिजवून, थंड झाल्यावर, दोन-तीन हप्त्यांत फवारा. पुढच्या वर्षी हेच काम नोव्हेंबरात, थंडी पडायच्या आधी. मोठे झालेले मासे विकून दाटी मोडा. चट्टे पडलेले मात्र बाजारात नेऊ नका.

बीज आणाल तेव्हा पिशव्या पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या. मग 100 लिटर पाण्यात 2 ते 3 किलो साधं मीठ विरघळवून बोटुकली जाळीत घेऊन दोन-तीन मिनिटं बुडवा. डोळा ठेवा, एखादं जरी आडवं झालं तरी लगेच बाहेर काढा. नंतर दहा-पंधरा दिवस हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) वेगळी ठेवून मगच तळ्यात सोडा. लस नसताना लसीच्या सगळ्यात जवळ जाणारं काम हेच.

नवापूरचे दादा, तुमचा विचार जास्त जवळचा आहे. पिंजऱ्यात मासे मोजके, हाताशी असतात. टोचणं शक्य आहे. एक दिवस उपाशी ठेवून, गुंगी देऊन, पोटाच्या परांच्या पुढे 0.05 ते 0.1 मिलिलिटर टोचतात. पण आधी रोग कोणता हे कळलं पाहिजे. तुमच्याकडची मरतूक एडवर्डसिएलाची आहे, की नुसती दाटीची आणि कमी ऑक्सिजनची? आजारी दिसणारे जिवंत मासे ऑक्सिजनच्या पिशवीत, नाहीतर नुकतेच मेलेले बर्फात घालून काही तासांत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या माशावर तपासणी नीट होत नाही. तोवर क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान गटातलं काही कुणी दिलं तर घेऊ नका, मत्स्यशेतीत त्यावर बंदी आहे. लस परवानाधारकच हवी, व्हिएतनामहून कुणाच्या बॅगेतून आलेली नको.

शहाद्याच्या ताई, निर्धास्त राहा. लस बोटुकलीला देतात आणि मासा विकायला पुढे कित्येक महिने लागतात, शिवाय लेबलवर विक्रीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या गटाला तळ्यात झिंगे सोडायचे आहेत असंही तुम्ही लिहिलंय. झिंग्याच्या अंगात माशासारखी प्रतिपिंडं, म्हणजे लसीमुळे अंगात तयार होणारी रोगाशी लढणारी प्रथिनं, तयारच होत नाहीत. ‘झिंग्याची लस’ विकायला कुणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.