च्युइंगमचं सोड, बॅगेत गोळ्या कुठल्या आहेत ते सांग

अगं,

तू पाठवलेली ती "जगातले विचित्र कायदे" वाली यादी वाचली, हसलेही. सिंगापूरचं च्युइंगम त्यात आहेच, त्याच्याशिवाय अशी यादी कुणी पूर्णच करत नाही बहुतेक. खरं आहे ते, १९९२ पासून बंदी आहे आणि २००४ पासून फक्त औषधी प्रकारचं फार्मसीत मिळतं, पण इंग्रजी शिकवायला जाऊन च्युइंगमपायी अडकलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, मात्र तिथे नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, ते तुझ्या यादीत नव्हतं. शिकवायला गेलेले लोक अडकतात ते अशा कायद्यांत, जे इतके कंटाळवाणे असतात की कुणी फॉरवर्डच करत नाही.

सगळ्यात आधी गोळ्या. जपानला जायचं म्हणतेस ना, मग सर्दीच्या गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. स्यूडोएफेड्रिन, म्हणजे बंद नाक मोकळं करणारं रसायन, १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते औषध नेता येत नाही. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याच्या त्रासासाठी, अँफेटामिनवाल्या उत्तेजक गोळ्या घेणारे असतात, त्यांना तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवूनही सूट नाही. २०१५ मध्ये टोयोटाची एक अमेरिकन बडी अधिकारी पार्सलने मागवलेल्या ऑक्सिकोडोन या कडक वेदनाशामक गोळ्यांमुळे जवळजवळ तीन आठवडे कोठडीत होती, नंतर आरोप न ठेवता सोडलं, पण नोकरी गेलीच. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, तर आपलं काय! प्रिस्क्रिप्शनची साधी औषधंही महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो, त्याला युन्यू काकुनिन-शो म्हणतात, जुने लोक अजून याक्कान शोमेईच म्हणतात. आणि उद्या बेत बदलून दुबईला निघालीस तर कोडीन, ट्रॅमाडोल अशा वेदनाशामकांसाठी आधी ऑनलाइन मंजुरी घे, आणि खसखस अजिबात नेऊ नकोस. हो, खसखस. अफूच्या झाडाची म्हणून यूएईत बंदी आहे.

मग कार्ड. जपानमध्ये रेसिडेन्स कार्ड कायम अंगावर हवं, नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि घर मिळाल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. मला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी तिसऱ्याच महिन्यात रात्री सायकलवरून येताना पोलिसाने थांबवलं, सायकल होती परत गेलेल्या एका टीचरकडून घेतलेली, तिची नोंदणी अजून त्याच्याच नावावर, आणि माझं कार्ड दुसऱ्या पर्समध्ये! दीड तास कोबानमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या पोलीस चौकीत, बसले, माझ्या मोडक्या जपानीत "चोरलेली नाही, विकत घेतली" एवढंच परत परत सांगत. पोलीस वागायला चांगले होते, चहासुद्धा दिला, पण तो दीड तास मी विसरलेली नाही. सायकल घेतलीस तर नोंदणी आधी स्वतःच्या नावावर करून घे. आणि नोव्हेंबर २०२४ पासून सायकल चालवताना फोन हातात धरला तर ६ महिने कैद किंवा १ लाख येन दंड होऊ शकतो, पिऊन चालवणं तर त्याहून महागात. चीनमध्ये पत्त्याची घाई आणखी जास्त असते, पोचल्यावर २४ तासांत पोलिसांत नोंद व्हायला हवी, हॉटेल ते आपोआप करतं, भाड्याच्या किंवा मैत्रिणीच्या घरात उतरलीस तर आपलं आपण जायचं.

आता शिकवणी. कुणीतरी पालक येणारच, गोड बोलून विचारणारच की आमच्या मुलाला कॅफेत तासभर घ्याल का, पैसे रोख देऊ. कोरियाच्या ई-२ व्हिसावर, म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांना मिळतो त्यावर, खाजगी शिकवणी चालत नाही, व्हिसा त्या एका नोकरीशी बांधलेला असतो. चीनमध्ये बेकायदा कामाला ५ हजार ते २० हजार युआन दंड आहे, प्रकरण गंभीर असेल तर वर ५ ते १५ दिवसांची कोठडी. आणि यातली खरी गोम अशी की कधीकधी एजन्सीच तुला "आज त्या दुसऱ्या शाळेत जाऊन ये" म्हणून पाठवते, कागदावर नाव पहिल्या शाळेचं, चौकशी आली की गुन्हा तुझा. त्यामुळे कागदावर नाही ती जागा आपली नाही, तिथे गोड बोलून का होईना पण नाहीच म्हणायचं.

सगळ्यात विचित्र मला वाटला तो कोरियाचा बदनामीचा कायदा, आणि तो कुठल्याच गमतीच्या यादीत नसतो. आपल्याला वाटतं खरं बोललं की झालं, खरं असल्यावर बदनामी कसली? तिथे तसं नाही. खरी गोष्ट जाहीर सांगूनही बदनामीचा फौजदारी गुन्हा होतो, २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख वॉन दंड, बदनामीच्या हेतूने ऑनलाइन लिहिलं तर ३ वर्षं किंवा ३ कोटी वॉनपर्यंत. खोटं असेल तर शिक्षा त्याहून जास्त. फक्त लोकहितासाठी सांगितलं असं सिद्ध झालं तर सुटका आहे, पण सिद्ध होईपर्यंत पोलीस स्टेशनच्या खेपा कोण घालणार? माझ्या ओळखीच्या एकीचा हाग्वॉनवाल्याने पगार थकवला होता, हाग्वॉन म्हणजे तिथले खाजगी क्लास, तिने रागाच्या भरात फेसबुकवर मालकाचं नाव घालून सगळं लिहिलं, अक्षरन् अक्षर खरं, आणि पंधरा दिवसांत तक्रार तिच्यावरच. शेवटी पोस्ट काढून माफी मागावी लागली, पगार तर राहिलाच. तीच जर आधी लेबर ऑफिसात गेली असती तर चित्र वेगळं असतं. राग आला की मला मेसेज कर, रात्री दोनलाही चालेल, जाहीर काही टाकू नकोस. आणि यूएईत तर व्हॉट्सॲपवर एखाद्याला शिवी दिली तरी गुन्हा होतो, त्यामुळे तिथे खाजगीतही तोंड आवर.

वर्गातलं एक राहिलं. थायलंडमध्ये राजघराण्याविषयी विनोद, मत, काहीच नको, कलम ११२ खाली एकेका आरोपाला ३ ते १५ वर्षं. एका ऑस्ट्रेलियन लेक्चररने स्वतः छापलेल्या कादंबरीत युवराजाविषयी एक परिच्छेद लिहिला होता, प्रती होत्या ५०, २००९ मध्ये ३ वर्षांची शिक्षा झाली, राजाने माफी दिली म्हणून सुटला. पायाखाली नोट गेली तरी लोक दुखावतात, तीवर राजाचं चित्र असतं. सुदानमधली गोष्ट तर मला अजून अस्वस्थ करते, २००७ मध्ये एका ब्रिटिश शिक्षिकेच्या वर्गातल्या सहा-सात वर्षांच्या मुलांनी मतदान करून टेडी बेअरचं नाव मुहम्मद ठेवलं, आणि तिला १५ दिवसांची कैद झाली, पुढे राष्ट्राध्यक्षांच्या माफीने सुटली. बाईंचा हेतू काय होता हे कुणी विचारत बसलं नाही. मुलांनी सुचवलं म्हणून होकार देताना एकदा बाजूच्या वर्गातल्या स्थानिक बाईंना विचारून घेत जा, त्यांना काही वाटत नाही, उलट बरं वाटतं.

बरं, आता रविवारपर्यंत मला दोन गोष्टी पाठव. औषधांची यादी, दुकानात मागतेस ती नावं नाही तर पाकिटावरची मूळ रसायनांची, आणि काँट्रॅक्टचं ते पान जिथे कामाच्या जागेचा पत्ता लिहिलाय. तिकीट त्यानंतर काढ.

तुझी,
ताई