कांजिण्या सुकताना मांडीवर जांभळे चट्टे

प्रश्न : शेजारच्या सात वर्षांच्या मुलीच्या कांजिण्या सुकत आल्या असताना मांड्यांवर काळे-जांभळे चट्टे उठले. रक्ताच्या गुठळ्या झाल्या म्हणून तिला आयसीयूत ठेवावे लागले. माझ्या मुलाच्या वर्गातही कांजिण्यांची साथ आहे. कशावर लक्ष ठेवू?
– एक पालक, धनकवडी

उत्तर : हा प्रकार फार दुर्मिळ आहे, पण झाला तर हाती काही तासच असतात. पुरळ उठल्यावर साधारण ७ ते १० दिवसांनी, ताप उतरलेला असताना, मांड्या, कुल्ले किंवा पायांवर लाल डाग येतात आणि पसरत काळे-जांभळे होतात. खपल्या खाजतात, हे डाग ठणकतात. काचेचा पेला डागावर दाबून पाहा. रंग तसाच राहिला तर १०८ला फोन करा किंवा मुलांचा आयसीयू असलेल्या रुग्णालयात थेट न्या. रंग फिका पडला, पण डाग ठणकत पसरत असेल, तरीही थांबू नका.

कांजिण्यांत अंघोळ टाळून कडुलिंबाच्या पाल्यावर निजवायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. अंघोळ टळली की मांड्या-कुल्ले कोणी पाहतच नाही. कोमट पाण्याने रोज अंघोळ घाला आणि तेव्हाच सगळे अंग तपासा.

विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित प्रोटीन एसवरच उलटतात. रक्त गोठण्याला लगाम घालणारे हे प्रोटीन घटले की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजतात आणि कातडी मरते. गुठळ्यांत प्लेटलेट व फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे घटक खर्ची पडल्याने त्याच मुलाला रक्तस्रावही होऊ शकतो.

प्रोटीन एस आणि तसेच काम करणारे प्रोटीन सी तपासण्यासाठी रक्ताचा नमुना प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) चढवण्याआधी घ्यावा. दात्याच्या प्लाझ्मात ही प्रोटीन असतात, त्यामुळे नंतरचा आकडा फसवा येतो. मात्र अहवालासाठी उपचार थांबवत नाहीत. किलोमागे १० ते २० मिली फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा, रक्तस्रावाचा धोका पाहून गुठळ्या रोखणारे हेपॅरिन, आणि जंतुसंसर्गानेही असेच चट्टे येतात म्हणून अँटिबायोटिक. एक पाय सुजला किंवा धाप लागली तर खोलवरच्या शिरेतली गुठळी शोधावी लागते. काही महिन्यांनीही प्रोटीन एस कमीच राहिले, तर आई-वडिलांचीही तपासणी करतात. ही उणीव आनुवंशिक असू शकते.

तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल पुरे. ॲस्पिरिन मुळीच नको, आयबुप्रोफेनही टाळा. मुलाला अजून कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही दिलेली नसेल, तर आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत दिलेली लस बरेचदा आजार टाळते किंवा सौम्य करते.