परदेशी खापर सापडलं म्हणजे व्यापार होता, हे कशावरून?

तुमचा प्रश्न असा: जुन्या शहरात परदेशी बनावटीचं खापर निघालं की पुरातत्त्ववाले लगेच 'व्यापार' म्हणून मोकळे होतात, पण ते कुणी प्रवाशाने आपल्या सामानातून आणलेलं नसेल कशावरून?

शंका रास्त आहे. उत्खननातली खापरं धुवायची, वाळवायची, नंबर टाकून पिशव्यांत भरायची, हे काम मी दोन हंगाम केलंय आणि हीच शंका तेव्हा मलाही छळायची. एकट्या खापरावरून काही सिद्ध होत नाही. ढिगाने निघाली तरी जपूनच बोलावं लागतं.

नॉर्वेतलं बर्गन घ्या. १९५५ च्या जुलैत तिथल्या ब्रिगन धक्क्यावरच्या जुन्या लाकडी वखारींचा मोठा भाग जळाला. मोकळ्या झालेल्या जागेवर आस्बियोर्न हेर्टाइग यांनी सुरू केलेलं उत्खनन १९६८ पर्यंत चाललं. शहर लाकडाचं, त्यामुळे आगी वरचेवर: ११९८, १२४८, पुढे १७०२ ची मोठी. दोन जळक्या थरांच्या मध्ये जे सापडेल ते त्या दोन आगींच्या मधल्या काळातलं, इतका सरळ हिशेब.

तिथे जर्मन भांडी भरपूर निघाली. पण गोम अशी की १३६० च्या सुमारापासून हान्सा संघाच्या (म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या संघटनेच्या) जर्मन व्यापाऱ्यांची पेढीच ब्रिगनवर होती. ती माणसं तिथेच राहायची आणि आपल्याच भांड्यांतून प्यायची. म्हणजे भांडी सांगतात की जर्मन तिथे नांदत होते. ते काय विकत होते, हे नाही सांगत. मुख्य माल होता बाहेर जाणारा सुकवलेला कॉड मासा आणि आत येणारं धान्य. दोन्ही खाऊन संपणारं! एवढ्या मोठ्या उलाढालीतलं जमिनीत उरणार काय?

मालावर बांधलेली खूण उरते. ब्रिगनमध्ये रून लिपीतले (ही उत्तर युरोपातली जुनी, कोरून लिहायची लिपी) साडेसहाशेहून जास्त लेख मिळाले, आणि त्यांतल्या बऱ्याचशा निव्वळ नावाच्या चिठ्ठ्या आहेत. लाकडाची चपटी ढलपी, दोरी सरकू नये म्हणून कडेला खाच, आणि वर चाकूने कोरलेलं: 'ही गोणी सिग्मुंडची.' स्वतःच्या खोलीतल्या गोणीवर असं कोण कोरतं? चार जणांचा माल एकाच तराफ्यावर किंवा वखारीत पडणार असेल तरच याची गरज. एका काठीवर तोरिर नावाचा माणूस भागीदार हावग्रिमला रामराम घालून लगेच रडगाणं लावतो, की गड्या, माझ्याकडे टंचाई आहे, बिअर नाही आणि मासेही नाहीत. (सगळ्या काठ्या धंद्याच्या नाहीत बरं का. एकीवर 'गिदा म्हणते, घरी चल' एवढंच आहे.)

माशांचा माग मात्र बर्गनमध्ये न शोधता, जिथे ते खाल्ले गेले तिथे शोधावा लागतो. कॉड सुकवताना नॉर्वेच्या उत्तरेतच मुंडकं उडवतात. ताजा, जवळच पकडलेला मासा डोक्यासकट बाजारात येतो. मग शहराच्या कचऱ्यात मणके भरपूर आणि कवटीची हाडं कमी दिसली, की मासा लांबून, सुकवून आलाय असं धरता येतं. लंडन परिसरातल्या ९५ उत्खननांतली कॉडची जवळजवळ ३,००० हाडं अशी तपासली गेली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला डोक्यांचं प्रमाण एकदम घसरतं आणि बाहेरच्या माशांचे मणके वाढतात. मला हा पुरावा सोन्याच्या नाण्यापेक्षा वजनदार वाटतो. नाणं कुणीही पुरून ठेवतं, उष्ट्या हाडांना कोण जपून ठेवणार?

पुढच्या काळातल्या कापडाचंही असंच. गावात तपासणी झाली की ताग्याच्या कडेला शिशाचा शिक्का दाबायचे. कापड कधीच कुजलं, शिक्का राहिला. दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे असे शिक्के इंग्लंडमध्ये सापडतात.

आता तुमच्या खापराकडे. मी आधी विचारेन, ते निघालं कुठे? घराच्या उकिरड्यात, बुडाला काजळी, काठ झिजलेला असं असेल, तर ते वापरातलं भांडं. कुणी विकत घेतलं की सोबत आणलं, ते एकट्या त्याच्यावरून सांगता येत नाही. पण धक्क्याच्या भरावात एकाच घडणीच्या दहा-वीस भांड्यांचे तुकडे एकगठ्ठा पडलेत, एकावरही वापराची खूण नाही, असं दिसलं तर ती बहुतेक जहाजातून उतरवताना झालेली फूट. एवढी कोरी भांडी कुणी पाहुणा पिशवीतून आणत नाही.