आठ-दहा जणांच्या ऑफिसात कामाचा ताळमेळ ठेवायला कोणती ऑनलाइन टूल्स वापरावीत? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भागत नाही का?

नाही भागत. तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात यावरूनच वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. मिस्टर आणि भावोजी माल बघतात, ऑफिस माझ्याकडे. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की आमच्याकडे ऑर्डरींची घाई सुरू होते, ती जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत. ऑर्डर म्हणजे मापांचा तक्ता: शर्ट २२ ते ४०, हाफ पँट, फुल पँट, ट्यूनिक, आणि प्रत्येक मापाचे किती नग. भावोजी तो एक्सेलमध्ये करून ग्रुपवर टाकायचे. शाळेनं आकडे बदलले की नवी फाईल. ‘फायनल’, मग ‘फायनल नवीन’, मग ‘फायनल नवीन बरोबर’. ग्रुपवरची फाईल ज्याच्या त्याच्या फोनमध्ये उतरली की ती त्याची वेगळी प्रत झाली. नवी आली म्हणून जुनी आपोआप बदलत नाही.

विजापूरकडच्या एका शाळेची बदललेली फाईल अशीच रात्री उशिरा पडली. तिच्यावर सकाळी शुभ सकाळची फुलं, कुणाचा तरी वाढदिवस, ट्रान्सपोर्टची बिल्टी. कटिंग मास्तरांनी आदल्या दिवशीची फाईल उघडली आणि कापडाचे थर लावून कापले. ३० आणि ३२ चे नग जास्त, ३६ चे कमी. मोठ्या मापाचं कापून लहान करता येतं, लहानाचं मोठं करता येत नाही.

मास्तर सासऱ्यांच्या काळापासूनचे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, हातात मुलीनं दिलेला जुना फोन. सगळ्या कारागिरांसमोर त्यांना ऐकून घ्यावं लागलं, “ग्रुपवर टाकलं होतं की, बघायचं नाही व्हय?” पगारातून कापायची भाषा झाली. ती मी होऊ दिली नाही, पण त्या माणसाचा अपमान व्हायचा तो झालाच.

मग मी गूगल शीट केलं, म्हणजे एक्सेलसारखाच तक्ता, पण ऑनलाइन आणि सगळ्यांना एकच दिसणारा. प्रत्येक शाळेला एक टॅब. मापांचे कॉलम प्रोटेक्ट केलेले, ते फक्त मी आणि भावोजी बदलू शकतो. काम कुठपर्यंत आलं त्याला ड्रॉपडाउन: कटिंग, शिलाई, काजबटण, इस्त्री, पॅकिंग. पूर्व भागात घरी शिलाई करणाऱ्या बायकांकडे किती बंडलं गेली ते वेगळ्या टॅबवर. शेरा लिहायला कंटाळा येतो, म्हणून सुपरवायझर फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलतो, अक्षरं आपोआप उमटतात. कटिंग टेबलाशेजारच्या भिंतीला एक टॅबलेट लावला. मास्तरांना आता फोनमध्ये काही शोधावं लागत नाही.

भावोजींचं म्हणणं, “वहिनी, तुमचा माणसांवर विश्वासच नाही. कुणी काय केलं त्याची नोंद ठेवायला ही काय पोलीस चौकी आहे का?”

पुढच्या हंगामात एका ऑर्डरीत २८ चे नग कमी पडले आणि परत बोट मास्तरांकडे गेलं. मी कॉम्प्युटरवर त्या आकड्यावर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी उघडली. आधीचा आकडा, बदलाची वेळ, बदलणाऱ्याचं नाव, सगळं समोर आलं. आकडा कटिंग झाल्यावर बदललेला होता. ज्या नावानं बदलला ते मास्तरांचं नव्हतं. माझंही नव्हतं. त्यानंतर मास्तरांना कुणी काही बोललं नाही. नोंद असली की विश्वास उडतो हे मला मान्यच नाही. तोंडी कारभारात दोष कायम खालच्या माणसावर येऊन पडतो, आणि त्याच्याकडे स्वतःची बाजू मांडायला काही नसतं. मास्तरांकडे ती नोंद होती.

म्हणून माझं मत: टूल कुठलंही घ्या, पण आकडा एकाच जागी ठेवा. ग्रुपवर आकडा टाकायचाच नाही, शीटची लिंक टाकायची. गाडी निघाली, लाईट गेली, उद्या सुट्टी, एवढ्यापुरता ग्रुप ठीक आहे.

बाकीच्या टूल्सपैकी स्लॅक, म्हणजे ऑफिसच्या चॅटचं अ‍ॅप, छोट्या ऑफिसला मला पटत नाही. फुकटच्या प्लॅनमध्ये मागच्या ९० दिवसांचंच दिसतं आणि आमचा एक हंगामही त्यात बसत नाही. ट्रेलो चांगलं आहे, प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायचं. फुकटात १० जणांपर्यंत चालतं. जाहिरातीचं, डिझाइनचं काम असेल तर जरूर घ्या, पण मापं आणि नग त्यात मावत नाहीत. पैसे भरायची तयारी असेल तर झोहोकडे मेल, चॅट, शीट सगळं एकत्र मिळतं, कंपनीही आपल्याच देशातली आहे. हिशेब टॅलीत असेल तर तो तिथेच राहू द्या.

तुमचं ऑफिस कसलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे माझा सगळा अनुभव जसाच्या तसा लागू होईल असं नाही. चार गोष्टी मात्र सांभाळा. लिंक असलेल्या कुणालाही बदल करता येईल असं शेअरिंग ठेवू नका, नाव घालून परवानगी द्या, नाहीतर हिस्टरीत नावाऐवजी ‘अनामिक’ दिसेल आणि सगळी मेहनत फुकट. शीट एखाद्या नोकराच्या खाजगी मेलवर नको, ऑफिसच्या नावानं वेगळं खातं काढा. फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, त्यामुळे घरचे फोटो त्यात जाऊ देऊ नका. आणि क्रोममधली ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवा, नेट गेल्यावर ती चालू करता येत नाही.