म्हण मुलाला लागते तेव्हा

"आम्ही त्याच्या भल्यासाठीच बोलतो, तरी तो आमच्याशी बोलणे का टाकतो?" बेळगाव परिसरातील पालक हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे वर्षभर येतात आणि पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या, निकालानंतर त्यांची संख्या वाढते. प्रत्येक घरात याचे उत्तर वेगळे निघते. एका घरात मात्र ते रोजच्या तोंडच्या म्हणींमध्ये सापडले. म्हणींनी बोलणारी घरे आपल्याकडे पुष्कळ असल्यामुळे त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो अनुभव लिहीत आहे.

वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला आहेत, तर आई घर आणि थोडी भातशेती सांभाळते. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, एसएसएलसीला चांगले गुण मिळाले, आणि त्या गुणांच्या भरवशावर त्याला शहरात विज्ञान शाखेला घातले. तेथे भौतिकशास्त्र आणि गणित एकदम इंग्रजीतून सुरू झाले. सीमाभागातील मराठी शाळांतून विज्ञानाकडे जाणाऱ्या मुलांना हा चढ चढावाच लागतो, आणि ज्याला संकल्पना कळते पण उत्तरपत्रिकेत मांडता येत नाही, अशा मुलाची कुचंबणा घरच्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पहिले वर्ष त्याने कसेबसे काढले. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मात्र तो या दोन्ही विषयांत नापास झाला, आणि त्यानंतर वडील घरी असले की तो जेवायलाही खोलीबाहेर येईना.

वडील मुळात कमी बोलणारे होते. त्यांच्या आईच्या बोलण्यात पावलोपावली म्हणी असत आणि तोच वारसा त्यांच्याकडे आला होता. निकालाच्या दिवशी ते म्हणाले, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात." इंग्रजी जड जाते असे मुलाने सांगितले तेव्हा उत्तर आले, "नाचता येईना अंगण वाकडे." शेजारी निकाल विचारू लागले तेव्हा घरच्यांना ताकीद मिळाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." यातले बरेचसे पत्नीकडे पाहून, पण मुलाच्या कानावर पडेल अशा बेताने बोललेले असे, लेकी बोले सुने लागे, हा प्रकार केवळ सासू-सुनांपुरता नसतो. मी त्याकडे लक्ष वेधले तेव्हा त्यांनी कारखान्यातील कन्नड सोबत्यांकडून ऐकलेले वाक्य मला सांगितले, "वेद सुळ्ळादरू गादे सुळ्ळागदु", म्हणजे वेद एक वेळ खोटा ठरेल, पण म्हण खोटी ठरणार नाही.

म्हणींविषयीचा हा आदर मला मनापासून पटतो. परंतु मूठ झाकायला सांगणाऱ्या त्याच भाषेने, कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असेही सांगून ठेवले आहे. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगळ्या प्रसंगांसाठी आहेत, आणि आज आपल्यासमोर कोणता प्रसंग उभा आहे हे ठरवण्याचे काम म्हण करत नाही, ते बोलणाऱ्यालाच करावे लागते. हा निवाडा न करता, जिभेवर पहिली आलेली म्हण उच्चारली की ती सल्ला राहत नाही, शिक्का होते.

मुलाशी मी स्वतंत्रपणे बोलले. तो म्हणाला, "बाबा रागावले तर मी काहीतरी उत्तर देऊ शकतो. म्हणीला काय उत्तर देणार?" या प्रश्नाने मला सगळे प्रकरण उलगडून दाखवले. 'तू गणिताचा सराव केला नाहीस' या वाक्यावर मुलाला हो किंवा नाही म्हणता येते, कारण ते एका कृतीविषयी आहे. पाळण्यातल्या पायांची म्हण त्याच्या जन्मापासूनच्या सगळ्या अस्तित्वाविषयी बोलते आणि तिच्यामागे शेकडो वर्षांचे वजन असते, त्यामुळे तिला विरोध करणे म्हणजे पूर्वजांना विरोध करणे वाटते. मूल मग गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला पालक उद्धटपणा समजतात. जीव नकोसा होतो का, हेही मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. त्याने नाही म्हटले. जेवण, झोप आणि बोलणे तुटलेल्या मुलाला हे विचारायला पालकांनीही कचरू नये, कारण विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, आणि उत्तर हो आले तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

पुढच्या भेटीत तिघेही एकत्र बसले. वडिलांनी आल्याबरोबर 'शितावरून भाताची परीक्षा' काढली. मी आईंना विचारले, की शीत कच्चे लागले तर तुम्ही काय करता? त्या म्हणाल्या, "आणखी वाफ देते. भात टाकून थोडाच देते?" वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. म्हण तीच होती, पण आता ती मुलावर निकाल देत नव्हती, पुढचे काम दाखवत होती.

दुसरी म्हण मुलाने स्वतःच काढली. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हे वाक्य वडील त्याला लहानपणापासून ऐकवत आले होते, आणि इंग्रजी पुस्तकासमोर रात्री जागून आपण वाळूच रगडतो आहोत असे त्याला वाटे. भर्तृहरीच्या श्लोकाचे वामन पंडितांनी केलेले हे मराठी रूप आहे. मी त्यांना पुढच्या ओळींचा आशय सांगितला, की वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहानही भागेल, सशाचे शिंगसुद्धा सापडेल, पण हट्टी मूर्खाचे मन वळवता येणार नाही. म्हणजे कवीला तेथे प्रयत्नाची थोरवी गायची नाही, तर अशक्य गोष्टींची उतरंड रचून त्याहून अशक्य असे काही दाखवायचे आहे. मुलाने प्रथमच मोकळेपणाने सांगितले, की त्याला मेहनत टाळायची नाही, वाळूऐवजी तीळ हवे आहेत.

तीळ कोणते, हे ठरवणे त्यानंतर सोपे गेले. दोन्ही विषयांतील नेहमीच्या इंग्रजी संज्ञांची मराठी अर्थांसह वही करायची, रोज एक उत्तर लिहून शिक्षकांना दाखवायचे, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे तेव्हा कर्नाटकात एकाच वर्षी पीयूसीच्या तीन परीक्षा होत असल्याने उरलेल्या दोन संधींत एकेक विषय सोडवायचा, असे ठरले. वडिलांना मी म्हणी बंद करायला सांगितले नाही. ते त्यांच्या बोलण्याचे अंग आहे आणि त्या घरातून म्हणी गेल्या तर मुलाचेच नुकसान होईल. एवढेच सुचवले, की म्हण कामाविषयी असावी, माणसाविषयी नसावी, ती समोर पाहून बोलावी, आणि बोलून झाल्यावर 'तुला काय वाटते?' असे विचारून उत्तराची वाट पाहावी.

गणित दुसऱ्या परीक्षेत सुटले आणि भौतिकशास्त्र तिसऱ्या परीक्षेत. संज्ञांची ती वही आता गावातील अकरावीच्या दोन मुलांकडे आहे, आणि पुढे डिप्लोमा करायचा की बीएस्सी, यावर बापलेकांचा जेवताना वाद चालू असतो, असे आईंनी कळवले आहे.